शेवटच्या बाकावरचं तिसरं कडवं

आमच्या गाझियाबादच्या चर्चमध्ये फादर दारातून चालत वेदीपाशी पोचले की प्रवेशगीत थांबतं, बहुतेक वेळा दोन कडव्यांत. शेवटच्या बाकावरच्या काकांना हे मान्य नव्हतं. मांडीवर हेल्मेट, डोळे मिटलेले, आवाज बिघडलेल्या कूलरसारखा. उरलेली कडवी ते एकटेच म्हणत आणि फादर हात जोडून वाट बघत.

एका रविवारी बिशप येणार होते. क्वायर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, माझ्याकडे, आणि माझ्या यादीत पहिलं काम होतं काकांना गप्प करण्याचं.

“अंकल, फादर पहुँच गए तो गाना ख़तम,” मी सांगितलं.

“वो पहुँच गए, मैडम. हम तो अभी रास्ते में हैं.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “ठीक है, उस दिन नहीं गाऊँगा.”

त्या रविवारी आम्ही दोन कडव्यांवर थांबलो. काकाही गप्प राहिले. फादर मात्र सवयीने हात जोडून उभेच. बिशप फादरांकडे बघत होते, फादर शेवटच्या बाकाकडे, आणि काका ओठ घट्ट मिटून हेल्मेटकडे.

शेवटी तिसरं कडवं मीच उचललं. क्वायरने ते कधी म्हटलंच नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याच ओळीला माझे शब्द संपले. पुढचे मागून आले, कूलरच्या आवाजात.