रंगाऱ्याच्या घरची भिंत

"बाकीच्या घरांत खूण दाखवा काका, मी लगेच हो म्हणते."

"पाणी छातीपर्यंत होतं, असं सगळी गल्ली सांगतेय. मग खूण कशाला हवी?"

"सांगणं धरत नाहीत. भिंतीवरची चिखलाची रेघ धरतात. नियम मी केलेला नाही!"

"मग नियम करणाऱ्याला घेऊन या. मी त्याच्याशी भांडतो."

रंगाऱ्याच्या खोलीत उभ्या असलेल्या पाहणीवाल्या बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. पूर ओसरून महिना झाला होता. खचलेल्या जमिनी आणि पडक्या भिंती सरकार दुरुस्त करून देणार होतं. वरच्या वस्तीत पाणी फक्त अंगणात शिरलं होतं, पण तिथल्या लोकांनी चिखलाला हात लावला नाही, त्यामुळे त्यांना पटापट मंजुरी मिळाली. खालच्या गल्लीत मात्र रंगारी राहत होता.

हा माणूस रिकामा बसला की त्याचे हात शिवशिवायचे. भिंतीवर डाग दिसला की त्याला जेवण गोड लागत नसे. पूर ओसरल्यावर गल्ली रडवेली झाली, तसा तो उरलेला चुना घेऊन घरोघर फिरला. "रंग लागला की घर पुन्हा आपलं वाटतं," म्हणत त्याने घासून, धुऊन, दोन-दोन हात मारून गल्ली लखलखीत केली. फुकट! आणि सवयीप्रमाणे स्वतःचं घर ठेवलं शेवटाला. इथपर्यंत यायच्या आत चुना संपला.

म्हणून सगळ्या गल्लीत रेघ होती ती फक्त त्याच्या भिंतीवर.

"तुमचं एकट्याचं नियमात बसतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीच्यांचं नाही."

दारातून शिंपीणमावशी गरजल्या, "वा रे वा! गल्लीला चुना लावून स्वतःचं घर राखलंस होय?"

मागे कोणीतरी हसलं, पण ते हसू काही बरं नव्हतं. रंगाऱ्याचा चेहरा उतरला. मावशींची शिलाई मशीन ज्या कोपऱ्यात असते, तिथली जमीन त्याने स्वतः पाहिली होती. पाऊल टाकलं की ती आत जात होती.

"मावशी, मला काय ठाऊक होतं हो..."

"तुला ठाऊक नसतंच कधी काही!"

बायको खाटेवरून कष्टाने उठली. जमीन खचलेली, त्यात तिचं कंबरडं मोडलेलं. या खड्ड्यात ती दोनदा पडली होती. "ऐका माझं. हो म्हणा. मिळतंय ते का सोडायचं? लोक चार दिवस बोलतील नि गप्प बसतील."

"आणि मी?"

"तुम्ही काय? मला धड चालता येईल, ते बघा."

ती चुकीचं बोलत नव्हती, तोच तर घोळ होता.

"त्यांच्या भिंती खरवडल्या तर?" त्याने बाईंना विचारलं. "घासलं तरी चिखल भिंतीत मुरतोच. चुन्याखाली रेघ असणारच."

"खरवडलेली भिंत आमच्या साहेबांना चालेल की नाही, देव जाणे. उलट फसवणूक म्हणतील. तुमचंही अडकेल." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला अजून दोन वस्त्या करायच्यात. काका, तुमच्यापुरतं बोला. हो की नाही?"

"अहो, तोंड उघडा!" बायको ओरडली.

रंगाऱ्याने खिडकीतली रंग खरवडायची पत्री उचलली, दाराला अडून उभ्या असलेल्या मावशींना खांद्याने बाजूला केलं आणि त्यांच्याच घराकडे चालू लागला.