लिली उमलल्याशिवाय जेवण नाही

सगळ्या जगात ईस्टरची तारीख कॅलेंडरात छापून येते. आमच्या गल्लीत मात्र ती माझ्या मित्राचे वडील ठरवायचे. शिरोलीच्या फाउंड्रीत ते फोरमन. भट्टीपुढं उभं राहून आवाज असा कमावलेला, की घरात मीठ मागितलं तरी कोपऱ्यावरचा पानवाला दचकायचा. अंगणात पांढऱ्या लिलीची एक कुंडी. ईस्टरला पहाटेची उपासना करून यायचं, उमललेली लिली जेवणाच्या टेबलावर ठेवायची आणि मगच पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याचं झाकण काढायचं, हा त्यांच्या घरचा पिढीजात रिवाज. आता कोल्हापूरच्या उन्हात लिली बिचारी तारीख बघून थोडीच फुलणार? पण काकांना ते मान्यच नाही. कुंडीवर छत्री धर, मातीत बर्फ घाल, कळीला दम दे, सगळं चालायचं. एकदा तर त्यांनी चर्चच्या पाळकांनाच अडवलं, "अवो, दरसाल तारीख तुम्ही हलवायची, मग रोपानं फुलायचं कुणाच्या भरवशावर?" लिलीला उशीर झाला की घरातला ईस्टर पुढं. काकू करवादायच्या, "मटण काय वाट बघत बसतंय व्हय?" आम्हा शेजाऱ्यांनाही जेवायचं आमंत्रण असायचं, त्यामुळं कुंपणावरून कळीची रोज चौकशी करणं आलंच!

मग एका वर्षी फाउंड्रीत चिकटायचं सोडून मित्र पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला निघाला. बापलेकांत कडाक्याचं भांडण झालं. "परत उंबरा चढू नगंस!" काका ओरडले, आणि तो पठ्ठ्या खरंच फिरकला नाही.

पुढच्या ईस्टरला काय नवल! लिली बरोब्बर त्याच दिवशी फुलली, चांगली तळहाताएवढी. काकूंनी ताटं मांडली. काकांनी फुलाकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "अजून उमललं न्हाय."

"अहो काका, हे काय समोर!" मी म्हणालो.

"कळीच हाय की ती!"

काकूंनी मुकाट्यानं पातेलं आत नेलं. मला गलबलून आलं. एसटीडी बूथवरून मी मित्राला फोन लावला आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

पुढच्या रविवारी तो आला आणि दाराबाहेरच थबकला. तोवर फूल पार सुकून तपकिरी पडलेलं. काकांनी त्याला डोळे भरून बघून घेतलं, मग कुंडी उचलून टेबलावर ठेवली.

"आत्ता उमललं बघ," ते म्हणाले. "ये आत. तुझी आई वाढायची थांबलीया."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मित्र अजून दर ईस्टरला पुण्याहून येतो, आणि तो पोचेपर्यंत लिली उमलली असं त्या घरात कुणी म्हणत नाही.