सरुबाईची मशेरी

"आधी तोंड धुऊ दे, मग जगाचं बघू," असं सरुबाई कायम म्हणायची. सकाळी दारात दूधवाला येवो, सून येवो, नाहीतर थेट नगरसेवक येवो, उत्तर हेच.

तोंड धुणं म्हणजे मशेरी. तव्यावर तंबाखू काळीभोर भाजायची, अख्खी आळी शिंकायची, मग ती चुरून डबीत भरायची. पायरीवर बसलं की बोट दातांवरून फिरत राही आणि डोकं हळूहळू हलकं होई. समोरच्या सोसायटीचे उंच मजले धुक्यासारखे विरत आणि त्याच जागी पूर्वी असलेला तिचा मोशीतला मळा उभा राही. कांद्याची ओली पात, पाटातलं झुळझुळतं पाणी, इंद्रायणीवरून येणारा गार वारा, बांधावर बसलेला नवरा. चूळ भरली की मळा जाई, मजले परत येत. मग पदर खोचून ती महापालिकेच्या शाळेत खिचडी वाढायला निघे.

शाळेतली पोरं तिला मावशी म्हणत. आठवीतला रविराज त्यांतला तिचा लाडका. बाप लातूरकडचा, चाकणला कंपनीत शिफ्टवर. दिवाळीनंतर हा पोरगा बदलला. डोळे लाल, ताटातलं अर्धं तसंच. एक दिवस वर्गातल्या अजिंक्यनं सगळ्यांना सांगितलं, की ह्याच्या रुमालाला पंक्चरच्या सोल्युशनचा वास येतो, नशेसाठी हुंगतो हा. रविराजनं त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. टाके पडले.

ह्याला काढा, म्हणून पालक अडून बसले. मुख्याध्यापिका वर्षाली मॅडमनी त्यांना कसंबसं थोपवलं. शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठरलाच होता. त्यात रविराजनं अजिंक्यची माफी मागावी, सगळ्यांबरोबर शपथ घ्यावी आणि रोज समुपदेशक ताईंकडे बसावं. नाहीतर दाखला घेऊन जावं.

मैदानात पोरांनी नाटक केलं. पुठ्ठ्याच्या राक्षसाला झोडपलं. रविराजनं खाली मान घालून माफी मागितली. मग शपथेला सगळ्यांचे हात वर झाले, त्याचा तेवढा झाला नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. तिथं सरुबाई हात उंच करून उभी होती.

"मावशी रोज मशेरी लावते," तो म्हणाला. "तिला पण दाखला देणार का?"

मैदान हसलं. सरुबाईलाही आधी हसूच आलं. आईनं लावली, सासूनं लावली, त्याला व्यसन कोण म्हणतं? पण वर धरलेल्या हाताचं बोट काळं होतं, आणि तो हात तिला ना खाली घेता येईना, ना वर ठेववेना.

पोरांच्या रांगांमधून ती त्याच्यापाशी गेली. हळूच विचारलं, "रुमालात काय दिसतं रं तुला?"

"काही नाही." मग पुटपुटला, "आमचं गाव. आजी. शेळ्या."

"मला मळा दिसतो. तितं आता लिफ्ट हाय."

तिनं कमरेची डबी काढून मॅडमच्या हातात ठेवली. ह्यानं शपथ पाळली तर मी पाळते, म्हणाली. आणि दोघांनी मोडली तर, असं मॅडमनी विचारलं.

"मग दोघांस्नी दाखला द्या."

रविराजचा हात वर गेला. पुरता नाही, खांद्यापर्यंत.

त्यानंतरच्या सगळ्या सकाळी फार लांबल्या. डोकं ठणके, जबडा दुखे, सुनेवर उगाच ओरडणं होई. पायरीवर बसलं तरी समोर मजलेच. एका गॅलरीत कोणी मुलगी ओले केस झटकत उभी असायची. इतकी वर्षं ती सरुबाईला कधी दिसलीच नव्हती.

एका दुपारी भांडी घासून ती निघाली, तर रविराज फाटकात उभा.

"काल घेतलं मी," तो म्हणाला. "मॅडमला सांगितलं नाही."

सरुबाईचा हात नकळत कमरेशी गेला. आता तीही मोकळी होती. डबी मागायला कोणाची आडकाठी नव्हती.

"मला बी लई वाटलं," ती म्हणाली. "न्हाई लावली. तू जा, मॅडमला तूच सांग. मी काय डबी मागत न्हाई."

त्याच्या उत्तरासाठी ती थांबली नाही. दुखऱ्या जबड्यावर हात धरून, कंपनीच्या बसगाड्यांच्या कडेकडेनं, उन्हात हळूहळू चालत राहिली. रविराज फाटकातून बघत होता. त्याच्या मागं, ऑफिसच्या खिडकीतून, वर्षाली मॅडमही बघत होत्या. पदराचा निळा ठिपका वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा रविराज खिडकीकडे वळला.