बंद दिव्याचा उजेड

रविवारी सकाळी तीनशे रुपये ठरवून वायरमन आला, तेव्हा घरात आई आणि मी होतो. आईच्या उशाकडचा दिवा बटण बंद केल्यावरही मिणमिणत राहायचा. वायरमनने टेस्टर लावून पाहिला.

“बटण चुकीच्या तारेवर जोडलंय. बंद केलं तरी दिव्यापर्यंत करंट येतोच. ओल्या फडक्याने पुसता का हो आजी?”

“दर शनिवारी,” आई म्हणाली.

मी दिव्याकडे बघत राहिलो. आपण बंद म्हणतो, तेव्हा नेमकं काय बंद होतं? वीज तर दिव्यातच थांबलेली होती, आईच्या हाताशी.

त्याने तारा बदलल्या. खिडकी लावून पाहिलं, मिट्ट अंधार.

“आता पहाटे माझा चष्मा कसा सापडायचा?” आईने विचारलं.

शेवटी वायरमनला तीनशे दिले आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला झिरो बल्बचे तीस.