घड्याळ गोल झालं तेव्हा

नसत्या चौकशा करण्यात आमच्या स्वप्नालीचा हात कुणी धरणार नाही. विट्यात माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे, तिथं कंप्युटरवर ती बसते. गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की हिचं सुरू. कुठं काढला, मागं झाड कसलं, हात असा का धरलाय? अगं बाई, फ्लेक्स कर आणि मोकळी हो की! माझं डोकं जरा लवकर तापतं. तरी पोरीवर माझा जीव आहे, हेही आताच सांगून टाकतो.

आमच्या धंद्यात चौकट आधी ठरते, माणूस मागनं बसवतात. बसत नसला की फोटोच्या कडेचं मधलं टोक धरायचं आणि ओढायचं. निम्म्या तालुक्याचे पुढारी असे फुगलेत. कुणाची तक्रार नाही, उलट अंगानं भरलेले दिसतात म्हणून खूश! स्वप्नाली मात्र शिफ्टचं बटण दाबून कोपराच धरणार, म्हणजे लांबी-रुंदी बरोबरीनं वाढते. जागा उरली तर फुलं लावते. "माणूस ताणायचा न्हाई, आप्पासो," हे वर मलाच ऐकवते.

यंदा लग्नसराईत हरणाबाई आल्या, मुलाला घेऊन. मुलगा सूरज, किडकिडीत, उभट तोंडाचा, हनुवटी टोकदार. त्याचं लग्न होतं आणि मांडवाच्या दारातल्या फ्लेक्सवर वडलांचा फोटो हवा होता. वडील ज्ञानू, पोरवयातच लांबच्या शहरात गलाईच्या दुकानात सोनं गाळायला गेलेले. सूरज पोटात असतानाच तिकडं वारले. हरणाबाईंनी पिशवीतनं फ्रेम काढली. रुंद गालफडांचा, आखूड मानेचा माणूस दुकानात उभा, डोक्यामागं भिंतीवर घड्याळ.

स्वप्नालीनं फोटो कंप्युटरवर घेतला. सूरज खाली बघत म्हणाला, "मॅडम, आता मोबाइलवर तोंडं बदलता येत्यात म्हणं. आमच्या आण्णांना जरा माझ्यासारखं करता का?"

"छट्!" मी ओरडलोच. "गेलेल्या माणसाचं तोंड बदलायचं? लाज न्हाई वाटत?"

पोराचे डोळे भरले. "मांडवात सगळी फोटूकडं बघणार, मग माझ्याकडं. लहानपणापासनं ऐकतोय, हा बापावर न्हाई गेला. पुढचं आईच्या नावानं बोलत्यात."

मी त्याच्यापुढं स्टूल सरकवलं. हरणाबाई मात्र उसळल्या. "हे त्यांचं त्वांडच न्हाई! लग्नानंतर ते दोन दिवाळ्या घरी आलं, तेवढंच मी बघितलं. इतकी वर्सं सांगतीया, कोन ऐकत न्हाई. फोटू खोटा आसंल का, म्हंत्यात. आन आता मलाबी ह्योच मानूस आठवाय लागलाय, पोरी."

स्वप्नालीचं लक्ष भलतीकडंच. "मावशी, हे घड्याळ असं आडवं का?"

"आगं, तुला घड्याळाचं काय पडलंय?" मी वैतागलो. "तऱ्हेतऱ्हेची घड्याळं असतात."

"आणि बटणं?" तिनं फोटो मोठा केला. ज्ञानूच्या शर्टाची बटणंसुद्धा अंड्यागत आडवी होती. आता मीही खुर्ची पुढं ओढली.

"फ्रेम कुठं केली, मावशी?"

"बाजारात. नक्षीची फ्रेम मला लय आवडली, म्हणून आदी तीच घेतली. फोटू अरुंद व्हता. स्टुडिओवाला म्हनला, काळजी करू नका, कंप्युटरवर बराबर बसवतो. मूळचा फोटू त्याच्याकडंच ऱ्हायला. परत गेले तर त्याचं दुकानच बंद."

स्वप्नालीनं एक चोख गोल काढला आणि घड्याळावर ठेवला. मग जिनं कधी मधल्या टोकाला हात लावला नव्हता, तिनं तेच टोक धरलं आणि हळूहळू आत ढकललं. गालफडं आत गेली. मान लांब झाली. घड्याळ गोलात बरोबर बसलं, बटणं गोल झाली, आणि हनुवटी टोकदार निघाली.

समोर सूरजच उभा होता, फक्त मिशीवाला!

"आवं..." हरणाबाई कंप्युटरलाच म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. सूरजनं त्यांना धरलं. मला आनंद आवरेना, म्हणून मी उगाच चहावाल्यावर ओरडलो.

चहा झाल्यावर स्वप्नालीनं फोटो फ्लेक्सच्या चौकटीत ठेवला. आता एका बाजूला बरीच जागा रिकामी राहत होती.

"तिथं फुलं लावू, मावशी?"

"फुलं नगं," हरणाबाईंनी डोळे पुसले. "तिथं सूरजला उबा कर. बापाच्या शेजारी, तेवढाच उंच. आन वर काय लिवू नगंस. ज्यांना बोलायचंय त्यांनी दारात थांबून बघावं, मग जेवाय बसावं."