वैजापूरकर सरांचा पेपर बाद होतो

डॉ. श्रीधर वैजापूरकर आमच्या मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकच पेपर लिहिला, पण तो असा जपला की लोक लग्नाचा अल्बमसुद्धा तसा जपत नसतील. २००४ साली त्यांनी विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना एकमेकांना शिकवायला लावलं होतं आणि त्यावर चार पानं छापून आणली होती. विभागात कुणीही पाहुणा आला की चहाच्या आधी पेपर यायचा. मी तिथं नवीन लागले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला तो दोनदा मिळाला.

२०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात सरांनी जाहीर केलं, "आता सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करायचा!" प्रश्न ठरला: मेडिकलची पोरं एकमेकांना शिकवून खरंच जास्त शिकतात का? यावर जगभरात छापून आलेले अभ्यास झाडून गोळा करायचे, आधी लिहून ठेवलेल्या निकषांवर चाळायचे आणि उरतील त्यांच्यावरून उत्तर द्यायचं. चाळायचं दोघांनी, एकमेकांना न विचारता. मतं जुळली नाहीत तर निकाल तिसऱ्यानं द्यायचा.

दुसरी चाळणारी म्हणून सरांनी ग्रंथालयातल्या मोनिका शेजूळला घेतलं. ती लासूर स्टेशनहून सकाळच्या पॅसेंजरनं यायची. वडील तिथल्या मोंढ्यात धान्य मापून देणारे मापाडी होते. तिसऱ्या म्हणून पद्मजा मॅडम, ज्यांच्यापुढं आमचे डीनही आवाज खाली घेत.

निकष सरांनी स्वतः लिहिले आणि कडक लिहिले. "शिकणं परीक्षेनं मोजलेलं पाहिजे. नुसतं 'आवडलं का' विचारलेलं चालणार नाही!" मॅडमनी खाली एक ओळ वाढवायला लावली: स्वतःच्या पेपरावर कुणी स्वतः मत द्यायचं नाही.

"अहो, माझ्या पेपरावर मत द्यायचंय तरी काय?" सर हसले. मॅडम हसल्या नाहीत.

सर तेव्हा नुकतेच पडेगावला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. जाहिरातीत चोवीस तास पाणी होतं, प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी टँकर. सोसायटीनं टँकरची देखरेख सरांकडं दिली, कारण बाकी कुणी घेईना. सरांनी खुणा केलेली एक काठी बनवली आणि टाकी भरण्याआधी नि भरल्यावर ती बुडवून बघू लागले. टँकरवाला कडुबा म्हणायचा, "पूर्ण दहा हजार लिटर हाय सर, भरोसा ठेवा की."

"भरोसा आहेच रे. पण काठी बुडवू दे."

हा किस्सा ते आम्हाला वरचेवर सांगत.

पेपर चाळताना मात्र सरांचं मन फार मऊ. एकोणीसशे शीर्षकांतला एकेक बाद करताना त्यांना वाईट वाटायचं. "बिचाऱ्यानं मेहनत घेतलीय," ते म्हणत.

"मेहनतीचा रकाना नाय सर आपल्या फॉर्ममधी," मोनिका म्हणायची.

जूनमध्ये एका दुपारी ती विभागात आली आणि फाईल छातीशी धरून उभी राहिली.

"सर, तुमचा पेपर बाद झालाय. माझं आणि मॅडमचं एकच मत आलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाद? अगं, नव्वद टक्के मुलांनी लिहून दिलंय की या पद्धतीनं जास्त शिकलो म्हणून!"

"लिहून दिलंय, व्हय. पण परीक्षा घेतली नव्हती ना?"

"मुलं खोटं बोलतील का?"

मोनिका म्हणाली, "कडुबा तरी कुठं खोटं बोलतो सर?"

मी कपाटात तोंड घालून काहीतरी शोधू लागले.

पुढं चार दिवस सर ग्रंथालयाकडं फिरकले नाहीत. जिना चढतानाही लांबचा घेत. पाचव्या दिवशी त्यांनी मला २००४ ची फाईल काढायला सांगितली. आत मुलांना दिलेली प्रश्नावली होती. सर खिडकीपाशी उभे राहून ती वाचत राहिले.

"पाच प्रश्न आहेत," ते म्हणाले, "आणि पाचही 'आवडलं का', 'जास्त शिकलात असं वाटतं का' असलेच. बारा वर्षं मी हे लोकांना वाचायला देतोय."

हसावं की काय करावं, मला कळेना. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. संध्याकाळी ते स्वतः ग्रंथालयात गेले आणि बाद अभ्यासांच्या यादीत आपल्या हातानं लिहिलं: 'वैजापूरकर, २००४. शिकणं मोजलेलं नाही.' मोनिकानं स्पेलिंग तपासलं.

शेवटी सोळा अभ्यास उरले. दीड वर्ष खपून उत्तर आलं ते असं: फायदा होत असावा, थोडासा, पण पुरावा कच्चा आहे. सरांनी ते एका मासिकाकडं पाठवलं. तिकडच्या तज्ज्ञाचा शेरा आला: सगळं ठीक, फक्त वैजापूरकर यांचा २००४ चा महत्त्वाचा अभ्यास का वगळला? तो समाविष्ट करावा.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत त्यांच्या पेपराला कुणी महत्त्वाचा म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते आत्ता.

"घ्यायचा का मग?" मॅडमनी मुद्दाम विचारलं.

"छे! काहीतरीच काय!" सर उसळले. त्यांनी स्वतःच्या पेपराविरुद्ध अडीच पानी उत्तर लिहिलं. इतक्या तावातावानं त्यांनी उभ्या जन्मात काही लिहिलं नसेल. मॅडमनी त्यातली सव्वादोन पानं कापली.

रिव्ह्यू २०१८ मध्ये छापून आला. लेखकांत मोनिकाचं नाव दुसरं होतं. ती अंक घेऊन लासूरला गेली आणि वडिलांना नावावर बोट ठेवून दाखवलं.

"पयलं कुणाचंय?" त्यांनी विचारलं.

"सरांचं. प्रश्न त्यांचा होता, बापू."

"अन् मापलं कुणी?"

"दोघांनी."

बापूंनी अंक घडी न घालता ट्रंकेत ठेवला.