मास्तरांचं बटण
स्पिरिटचा वास आला की दुर्गदबैल बाजारातलं ते हॉटेल आठवतं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तिथल्या ज्यूकबॉक्सवर एक बटण दाबलं की भलतंच गाणं लागायचं, म्हणून मला दुरुस्तीला बोलावलं होतं. बटणांमागच्या मळलेल्या पट्ट्या मी स्पिरिटने पुसल्या आणि मशीन सुधारलं. तेव्हा मालक हळूच म्हणाला, “त्या मास्तराचं बटण तेवढं बिघडलेलंच ठेव की. मेलेल्या बायकोचं आवडतं गाणं लावून एका चहावर दुपारभर बसतंय म्हातारं.” मी हसत दोन तारा उलट जोडल्या. मास्तर आले, त्यांनी बटण दाबलं आणि एक फाजील, उडतं गाणं सुरू झालं. सगळं हॉटेल हसलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. “काय रे तम्मा, मशीन अजून दुरुस्त झालं नाही काय?” त्यांनी मला विचारलं. “मशीन झालंय, अप्पा. आता तुमचं डोकं दुरुस्तीला टाका,” मी म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं. घरी जाऊन त्यांनी स्वतःच मुलाला तसं सांगितलं, हे मला मागाहून कळलं. मुलाने त्यांना एकटं बाहेर सोडणं बंद केलं. आज मी त्यांच्याच वयाचा आहे, म्हणून लिहून ठेवतो: मास्तर बरोबर बटण दाबत होते.